साखर बंद, गूळ चालू

"डायबेटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मधुमेह, रक्तात साखर वाढते. सांगलीच्या दवाखान्यात आमच्या ह्यांची लघवी निळ्या औषधात उकळली आणि नळीतलं औषध विटकरी झालं. हे सैन्यातून हवालदार म्हणून घरी आलेले. हसून म्हणाले, "मास्तरीणबाई, लढाईत गावलो न्हाई आन् चहात गावलो बघ."

साखर बंद झाली. चहासाठी सॅकरीनच्या गोळ्या मिळाल्या. सॅकरीन म्हणजे रसायनातून तयार केलेली गोडी, त्यात साखर अजिबात नसते. हे तोंड वाकडं करायचे, पण घ्यायचे. रोज सकाळी शेजारच्या पलूसपर्यंत चालत जायचे आणि चालतच यायचे. वर्षभर तपासणी चांगली आली. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी केलंय.

सत्त्याहत्तर साली पेपरात बातमी आली. परदेशात उंदरांना सॅकरीन खायला घातलं, तर त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. आमच्या वाडीत रोज पेपर वाचणारी मी एकटी, चौथीच्या वर्गाची शिक्षिका. मी कशाला कुणाला विचारू? बाटली उचलली आणि उकिरड्यावर टाकून आले. शेजारणीला ऐटीत म्हटलं, "माझा नवरा काय उंदीर हाय व्हय?"

मग चहात काय घालायचं? गूळ! आमच्याच गुऱ्हाळातला, रानभेंडीच्या पाण्यानं उकळत्या रसातली मळी, म्हणजे घाण, काढलेला, रंग उजळायच्या पावडरीशिवायचा. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली होती, गुळाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. साखर कारखान्याची, गूळ घरचा. घरचं कसं बाधेल? ह्यांनी एकदाच विचारलं, "चालतंय न्हवं गं?" मी म्हटलं, "गुळात लोह असतं. प्या गुमान."

प्यायले बिचारे. दिवसातून चार वेळा, माझ्यावर भरवसा ठेवून.

तब्येत चांगली दिसत होती, म्हणून तपासणीलाही मी नेलं नाही. दिवाळीत नवी चप्पल उजव्या अंगठ्याला घासली. दुखलंच नाही, म्हणून कुणी बघितलं नाही. वास आला तेव्हा बघितलं. अंगठा काळा झाला होता.

"गँग्रीन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मांस जिवंतपणी मरतं आणि सडत सडत वर चढतं. मी विचारलं, "पाय राहील ना?" ते म्हणाले, "गोड काय घेत होते?" मी गूळ सांगितला, उंदीरही सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"उंदरांना भरमसाट खायला घातलं होतं, बाई. हे दोन-चार गोळ्या घेत होते. त्या गोळ्यांवर अजून वाद चालू आहे. गुळाबद्दल कसलाच वाद नाही. गूळ म्हणजे साखरच."

तीन आठवडे मी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर काढले. आधी अंगठा काढला. मग पाऊल. मग गुडघ्याच्या वर. दर वेळी मी विचारायची, आता थांबेल ना? आणि दर वेळी सहीचा कागद पुढं यायचा. माझी सही फार वळणदार आहे, मेली!

शेवटच्या ऑपरेशननंतर नर्सनं विचारलं, "पाय कोण नेणार?" मला कळलंच नाही. तो नातेवाइकांनीच न्यायचा असतो म्हणे. धाकटे दीर आले होते. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं ते ओझं त्यांनी माझ्या हातातून घेतलं, गावी नेलं आणि आमच्या उसाच्या बांधाला पुरलं. माझ्या हातात होता तेव्हा अजून कोमट होता हो तो.

चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "आवं, माझं चुकलं." हे म्हणाले, "व्हय." एवढंच.

तुमच्या घरी हा आजार आला तर माझं ऐका. गूळ, काकवी, मध, सगळी साखरच. पेपर वाचा, पण बाटली फेकण्याआधी डॉक्टरांना विचारा. पायांची बोटं रोज उजेडात बघा; ह्या आजारात पाय बधिर होतात, दुखण्याची वाट बघू नका. माणूस वाचला, देवाचे उपकार माना, असं लोक मला सांगतात. मानते मी.

घरी आणल्यावर ह्यांनी कुबड्या भिंतीला लावल्या आणि विचारलं, "कुटं पुरला?"

मी बांधाची जागा सांगितली.

"मी मेल्यावर मला जाळू नगा," हे म्हणाले. "तितंच पुरा. मला माजा पाय पायजे."