कादरभाई दम घेताहेत

आमच्या सर्वधर्म संवाद मंडळाची एक रीत आहे. बैठक संपताना प्रत्येकाने दुसऱ्याच्या धर्मातली प्रार्थना सांगायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. शांतिपाठ कादरभाईंकडे असे. त्यांना दम्याचा त्रास होता. दुसऱ्या ओळीनंतर त्यांचा श्वास अडकायचा. मग आम्ही सगळेच थांबायचो, आणि त्यांनी मान हलवली की पुढे जायचो.

गावात दंगल झाली त्या आठवड्यात कादरभाई घराला कुलूप लावून लेकीच्या गावी गेले. मंडळ इथेच होतं. कपाटात सगळे धर्मग्रंथ नेहमीसारखे एकमेकांना टेकून उभे होते. ‘जाऊ नका’ म्हणायला मात्र कुणी गेलं नाही. एकमेकांच्या प्रार्थना आम्हाला तोंडपाठ होत्या. भीती वाटते का, एवढं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सहा महिन्यांनी ते गेल्याचा फोन आला.

आता शांतिपाठ मंडळातल्या चर्चच्या सिस्टर सांगतात. त्यांची छाती ठणठणीत आहे, तरी दुसऱ्या ओळीनंतर त्या थांबतात. आम्हीही थांबतो. हे कुणी ठरवलेलं नाही.

काल एक नव्या बाई आल्या होत्या. तिसऱ्या ओळीत त्यांचा एकटीचाच आवाज पुढे गेला. त्या ओशाळल्या.

“इथे का थांबायचं असतं?” त्यांनी हळूच विचारलं.

सिस्टरांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

“कादरभाई दम घेताहेत,” त्या म्हणाल्या.

आणि कादरभाईंची मान हलण्याची वाट पाहत आम्ही थांबून राहिलो.