गुलमर्गच्या उतारावर बनुबाई

बनुबाई सायकल शिकली तेव्हा तिला नातवंडं झाली होती. रहिमतपूरच्या बायाबापड्यांना हसायला तेवढं पुरेसं होतं. वर ती शिकली ती भर दिवसा, खळ्यात, कासोट्याचं लुगडं नेसून. आणि शिकवणारा दुसरातिसरा कुणी नव्हता, खुद्द तिचा नवराच होता, पेन्शनीत आलेला सुभेदार लालासाहेब.

लालासाहेबांनी उभी जवानी पलटणीत काढली. त्यातली शेवटची काही वर्षं काश्मिरात, गुलमर्गला, जवानांना बर्फावरून फळ्यांवर घसरत जायला शिकवण्यात गेली. त्या काळात उसाची लागण, विहिरीची मोट, पोरांची लग्नं आणि सासूचं आजारपण हे सगळं बनुबाईनं एकटीनं ओढलं. लालासाहेब सुट्टीवर आले की गावातली माणसं सोप्यात जमायची, काश्मीरच्या गोष्टी विचारायची. ते दोन वाक्यं बोलायचे आणि गप्प व्हायचे. बनुबाईशीही तसंच. एवढा मुलूख बघून आलेल्या माणसाला घरच्या बाईशी बोलावंसं वाटत नाही, याचा तिच्या मनात एक काटा होता. पेन्शनीत आल्यावरही तो निघाला नव्हता.

सायकलीचं कारण वेगळंच झालं. दरसाल दिवाळी झाली की कवठे महांकाळकडच्या धनगरांची मेंढरं बनुबाईच्या रानात खतासाठी बसायची. त्यांच्यातली सुलाबाई तिच्याच वयाची. पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालत यायची, महिनाभर राहायची आणि पुढं कोकणच्या अंगाला निघून जायची. दोघींची मैत्री जमली ती बांधावर बसून भाकरी खाताना. जाताना दरवर्षी सुलाबाई म्हणायची, "आक्का, एकदा माझ्या घराला ये की." आणि बनुबाई म्हणायची, "येती की गं." वर्षं गेली, जाणं झालं नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला. त्यानंतर मेंढरं आली, पण सुलाबाई आली नाही. तिचे गुडघे गेले, असं सोबतच्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षीही आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बनुबाईनं जेवता जेवता विषय काढला.

"सुलाबाईला बघून यावं म्हनती."

"जा की. यष्टी हाय."

"यष्टीनं न्हाई. ती बया उभ्या जन्मात माझ्याकडं चालत आली. म्या कशी बसून जाऊ? चालवत न्हाई मला एवढं, ती गोष्ट येगळी." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी मला सायकल शिकवा."

लालासाहेबांचा घास हातातच राहिला. ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोरेगावला जाऊन बिनदांड्याची एक जुनी सायकल घेऊन आले.

शिकवताना मात्र त्यांच्यातला सुभेदार जागा झाला. केरियर धरून मागं पळत ते ओरडायचे, "समोर बघ! चाकाकडं न्हाई, समोर! जिकडं नदर, तिकडं गाडी!" बनुबाई कडब्याच्या गंजीत पडली, उकिरड्यात पडली, एकदा मनगट सुजलं तेव्हा हळद-चुन्याचा लेप लावून आठवडाभर बसली. पण बसल्या बसल्या तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. गेल्या पंधरा दिवसांत नवरा तिच्याशी जेवढा बोलला, तेवढा त्याआधीच्या पंधरा वर्षांत बोलला नव्हता.

माघात दोघं निघाली. पुढं लालासाहेबांची काळी सायकल, मागं बनुबाई. केरियरला भाकऱ्या, ठेचा आणि दोन घोंगडी. पुसेसावळीच्या चढावर ती उतरून चालली, उतारावर ब्रेक दाबून दाबून हात भरून आले. विट्याला देवळाच्या ओवरीत पाठ टेकली. वाटेत कुणी हसलं, कुणी हात केला. एका म्हातारीनं तर थांबवून ताक पाजलं आणि "पोरी, पडू नगंस गं," म्हणून पाठीवरून हात फिरवला. एवढ्या वयात आपल्याला कुणी पोरी म्हटलं, याचं बनुबाईला तासगावपर्यंत हसू येत होतं.

माधवनगरला मोठा मुलगा मानसिंग कापडाच्या गिरणीत होता. आईबाप दारात सायकली लावताना बघून त्याचा चेहरा उतरला.

"आई, ह्ये काय चालीवलंय? लोक हसत्यात मला. यष्टीला पैसं न्हाईत व्हय तुमच्याकडं?"

"हायत की."

"मग?"

बनुबाई तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. "मानसिंग, तुझा बा पलटनीत हुता तवा म्या एकटी मोट हाकायची. तवाबी लोक हसायचं. तवा तू न्हाई म्हनलास, आई, मोट हाकू नगंस." मानसिंगनं खाली मान घालून सायकली आत घेतल्या. त्याच्या बायकोनं सासूच्या पायाला तेल चोळलं आणि हळूच विचारलं, "आत्याबाई, पडाया हुतंय का वो लय?"

कवठे महांकाळकडचा रस्ता उघडा-बोडका. बाभळी, कुसळं आणि तोंडावर वारा. सुलाबाईच्या घरापाशी पोचेपर्यंत बनुबाईच्या ओठांवर धूळ बसली होती. सुलाबाई दारातल्या लिंबाखाली पाय पसरून लोकर पिंजत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि हातातली लोकर खाली पडली.

"आक्का? आगं माझे बाय! आन ह्या लोखंडाच्या घोडीवर?"

तिला उठता येत नव्हतं. बनुबाईच तिच्याजवळ भुईवर बसली. दोघी रडल्या, हसल्या. दुष्काळात मेंढरं गेली, उरलेली दिराकडं दिली, आता सुलाबाईची हद्द म्हणजे घर आणि लिंब. बनुबाईला वाईट वाटलं. ते ओळखून सुलाबाई म्हणाली, "मला कशाला हळहळतीस? जेवढं चालले तेवढं समदं माझ्यापाशी हाय. डोळं मिटलं की वाट सुरू हुती. कुंभार्लीचा घाट, खालचं कोकान, नद्या, समदं. तू डोळं मिटलंस की काय दिसतंय तुला?"

बनुबाईनं खरोखरच डोळे मिटले. तिला विहीर दिसली. गोठा दिसला. आणि आपल्या घराची चौकट दिसली, आतल्या बाजूनं, वाट बघताना दिसते तशी. तिनं डोळे उघडले आणि खाली पडलेली लोकर उचलून सुलाबाईच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर तासगावच्या अलीकडं एका विहिरीवर दोघं थांबली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "मला तुमचा तो बर्फ बघायचाय."

"लांब हाय लय."

"ठावं हाय. तुमी तिकडं हुतात तवा म्या रोज मोजायची, किती लांब हाय त्ये."

पुढच्या वर्षी उसाची तोड धाकट्या मुलावर सोपवून दोघं निघाली. मोठी चैन परवडणारी नव्हती आणि त्यांना नकोही होती. रहिमतपूरहून पुणे, पुण्याहून दिल्ली, तिथून जम्मू. डब्यात खाली घोंगडं अंथरून झोपायचं, ओळख काढून शेजारच्यांच्यात भाकरी वाटायची. बनुबाईच्या शेंगदाण्याच्या चटणीवर एक पंजाबी कुटुंब इतकं खूश झालं की जम्मूला त्यांनीच गुरुद्वारात मुक्कामाची सोय करून दिली. पुढं मोटारीनं डोंगर, बोगदा आणि बोगद्यापलीकडं एकदम पांढरं जग. बनुबाई खिडकीला नाक लावून बसली. तिला वाटलं होतं बर्फ म्हणजे मिठासारखा ढीग असेल. हे तर आभाळच खाली येऊन झोपलं होतं.

गुलमर्गला फळ्या भाड्यानं देणारा एक दाढीवाला काश्मिरी होता. लुगडं, त्यावर सुभेदाराचा जुना फौजी कोट आणि डोक्याला मफलर अशी बाई बघून तो हात जोडून म्हणाला, "माताजी, ये आपके बस का नहीं."

लालासाहेब वाकले आणि बायकोच्या पायात स्वतः फळ्या बांधल्या. "गुडगं वाकव. टोकं जवळ, मागची बाजू लांब, नांगरावानी. म्हंजी थांबतीस. आन नदर..."

"समोर. ठावं हाय मला."

पहिल्यांदा ती उभ्या उभ्याच पडली. दुसऱ्यांदा दोन हात गेली आणि पडली. आधी हसणारा दाढीवाला आता उचलायला धावू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बारक्या उतारावरून ती एकदाची खालपर्यंत न पडता आली. कानात वारा भरला होता, छातीत धडधड होती, आणि फळ्या थांबल्यावर भोवती इतकं शांत होतं की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. देवदारं उभी होती. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

तिथं उभं राहून तिला नवऱ्याचं गप्प बसणं आठवलं. हे कुणाला काय सांगणार? सोप्यात जमलेल्या माणसांना याच्यातलं काय कळणार? तिच्या मनातला काटा सगळा निघाला असं नाही. आपण सगळं एकटीनं ओढत असताना हा माणूस एवढ्या सुंदर जागी होता, याचा राग थोडा उरलाच. पण आता तो राग एका ओळखीच्या माणसावरचा होता.

लालासाहेब वर उभे होते. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी फळ्या घातल्या नव्हत्या. ती धापा टाकत वर गेली.

"तुमी का न्हाई येत?"

"शिकवायचो तवा पडायचं भ्या न्हवतं. आता वाटतंय."

"मला न्हाई व्हय वाटत?" ती म्हणाली. "घाला फळ्या. म्या पुढं हुती, तुमी मागनं या."

ते आले. हळू, जपून, म्हाताऱ्या बैलासारखे आले, पण पाठीचा कणा ताठ होता आणि वळणं अशी सफाईदार की दाढीवाल्यानं न राहवून सलाम ठोकला. खाली पोचल्यावर लालासाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. थंडीमुळे, असं ते म्हणाले. बनुबाईनं मान डोलावली.

गावी आल्यावर बायका आता हसत नव्हत्या, विचारत होत्या. दोघीतिघी तर खळ्यात येऊन सायकलीचं हँडल धरून बघून गेल्या. एकीनं दुपारची वेळ साधून शिकायला सुरुवातही केली, आणि बनुबाई केरियर धरून मागं पळाली.

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात ती आणि लालासाहेब कुंभार्लीचा घाट सायकलीनं उतरून चिपळूणला गेली. घाटाच्या माथ्यावर धुकं होतं, खालचं कोकण दिसत नव्हतं. लालासाहेब म्हणाले, धुकं सरू दे, मग निघू. बनुबाईनं कासोटा खोचला, ब्रेक दोनदा दाबून बघितले आणि म्हणाली, "तुमी थांबा हवं तर. मला वळनापतूर दिसतंय, तेवढं पुरं हाय." आणि तिनं पायडलवर पाय ठेवला.