व्याजाचा संडास

दर तीन महिन्यांनी बँकेचा मेसेज येतो: खात्यात व्याज जमा. आमच्या स्टाफरूममधल्या बाकीच्या बाया असा मेसेज आला की खूश होतात. मला मात्र माझ्या शाळेतला संडास आठवतो आणि हसू येतं. एकदा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, एवढं काय हसायलीस गं, लॉटरी लागली का? आता त्यांना काय सांगणार. हे सगळं सांगायला मधली सुट्टी पुरणारी नाही.

आमचं गाव कर्नाटकात, बीदरकडं, ठाणाकुशनूरच्या रस्त्यावर, महाराष्ट्राची हद्द जवळच. घरात आम्ही दखनी उर्दू बोलायचो, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड. अब्बांचं स्टँडजवळ टेलरिंगचं दुकान होतं, एक मशीन, एक टेबल आणि एक आरसा, ज्यात कुणीही जाड दिसायचं. अब्बा पाच वेळचे नमाजी. बोलायला गोड, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की अल्लामियाँ स्वतः समजवायला आले तरी आधी पुरावा मागतील असा हट्ट. हे वाक्य अम्मीचं आहे. बोलून झालं की ती लगेच तौबा करायची.

शाळा गावाबाहेर माळावर होती. सरकारी मराठी शाळा, सातवीपर्यंत. तिथं संडास होता म्हणायला होता, पण दाराची कडी मोडलेली, टाकीत पाणी नाही आणि आत चुन्याची पोती. त्यामुळे आम्हा मोठ्या पोरींची हजेरी तुरीवर अवलंबून असायची. शाळेमागचं रान तुरीचं. तूर उभी असेपर्यंत आडोसा होता. संक्रांतीच्या आसपास तूर कापली की मागं सगळं उघडं व्हायचं आणि सहावी-सातवीच्या पोरी एकेक करून यायच्या बंद व्हायच्या. मुख्याध्यापिका बाई घरोघर फिरायच्या, आयांना विनवायच्या. आया मान डोलवायच्या आणि पोरी घरीच राहायच्या. माझ्या दोन चुलतबहिणी अशाच 'थोडे दिवस' म्हणून घरी बसल्या होत्या. त्यांची लग्नं झाली, पण ते थोडे दिवस काही संपले नाहीत. मी सातवीत गेले तेव्हा मला एकच धास्ती होती, यंदाची तूर कधी कापतील.

त्याच वर्षी अब्बा पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले. रस्ता रुंद करताना आमच्या रानाचं एक टोक गेलं होतं. त्याची भरपाई बँकेत आली होती, त्यातून अब्बांनी दुकानाची जागा घेतली. पण पैसा पडून होता तेवढ्या दिवसांचं व्याज खात्यात साचलं होतं. क्लार्कनं कौतुकानं आकडा सांगितला आणि अब्बांचं तोंड उतरलं. आमच्यात व्याज घेणं नाही, देणं नाही, खाणं तर नाहीच. त्यांनी मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बँकेत सोडू नका, काढून घ्या. घराला लावायचं नाही, मशिदीला लावायचं नाही. गरिबाला द्या, नाहीतर संडास-बिंडास असल्या सगळ्यांच्या उपयोगाच्या कामाला लावा. आणि देताना त्याचं पुण्य मागायचं नाही, कारण जे आपलं नाही ते दिल्याचं पुण्य कसलं?

अब्बा तसेच सायकल मारत शाळेत. बाईंना म्हणाले, पोरींसाठी संडास बांधा, पाण्याच्या टाकीसकट, खर्च मी देतो. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस जानेवारीला शाल-नारळ देऊन सत्कार करते म्हणाल्या. अब्बा दोन पावलं मागं सरकले.

"बाई, ह्याचं पुण्य मागायची बी मला परवानगी न्हाई. शाल कशाची देता?"

बाईंना वाटलं, किती हा विनय. विनय कसला, अब्बांना त्या पैशाची लाज वाटत होती. पैसा व्याजाचा आहे हे त्यांनी बाहेर कुणालाच सांगितलं नाही आणि आम्हालाही बोलू दिलं नाही.

बांधकामाला गवंडी होते माझ्या मैत्रिणीचे बाबा. ती बौद्ध वस्तीत राहायची. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिची पेन्सिल माझ्याकडे, माझा रबर तिच्याकडे, भांडण रोजचं. तूर कापली तोवर भिंती वर आल्या होत्या. तिच्या बाबांनी आतून पांढऱ्या फरश्या लावल्या, आम्हा दोघींना दाखवल्या आणि म्हणाले, बघा, तुमच्या घरात बी नसतील असल्या. माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी जेवताना तीन तांबे पाणी प्याले. अम्मी म्हणाली, पोट फुटेल की गं.

संडास उघडायच्या आदल्या दिवशी अब्बांनी मला जवळ बसवलं आणि शांतपणे सांगितलं, तू तिथं जायचं नाही. तो पैसा आपल्याला हराम आहे. तू माझी मुलगी. तू तो संडास वापरलास तर मीच वापरल्यासारखं झालं.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा आधी आठवली ती मागची कापलेली तूर. अम्मी आतून भडकली. गावातल्या लोकांनी खऱ्या-खोट्याचं काय काय खाल्लं, त्यांना ढेकर येत नाही, आणि ह्यांनी पैशाला हातसुद्धा लावला नाही तर शिक्षा पोरीला, असं ती भांड्यांना ऐकवत होती. अब्बा म्हणाले, शिक्षा नाही, मधल्या सुट्टीत मी घेऊन येईन तिला घरी. आणि खरोखर यायला लागले. घर लांब होतं, पायी गेलं असतं तर जाऊन येण्यातच सुट्टी संपली असती. म्हणून रोज दुकानाला कुलूप, सायकल, मी मागं कॅरिअरवर, घर, परत शाळा. बाकीच्या पोरी नव्या संडासासमोर रांगेत हसत उभ्या असायच्या आणि ज्यानं तो बांधला त्याची पोरगी सायकलवर बसून गाव ओलांडायला निघायची. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. अब्बांचा राग यायचा, आणि चढावर त्यांना लागलेली धाप ऐकली की तो राग धड करताही यायचा नाही.

मग लगीनसराई आली. दुकानात कापडाचे ढीग. गिऱ्हाईक यायचं आणि कुलूप बघून दुसऱ्या टेलरकडे जायचं. काही दिवस अब्बांना येणं जमायचं नाही. ते येतील की नाही हे आधी कळायचं नाही, म्हणून मी सकाळपासून पाणी पिणंच सोडलं. शाळा सुटेपर्यंत थेंब नाही. ऊन वाढत गेलं आणि एक दिवस मला ताप भरला, लघवीला आग आग व्हायला लागली. औरादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि अम्मीला झापलं, पोरगी पाणी पीत नाही आणि तुम्हाला पत्ता नाही? घरी आल्यावर अम्मीनं जाहीर केलं, बस झाली शाळा, लगीनसराई उरकेपर्यंत घरी राहू दे. परीक्षा तोंडावर होती. मला माझ्या चुलतबहिणी आठवल्या. मी भिंतीकडे तोंड करून रडले, आणि अब्बा काही बोलतील म्हणून वाट बघितली. ते खाली मान घालून काज करत होते.

तिसऱ्या दिवशी मैत्रीण आली. ताप उतरला होता, मी ओसरीवर पडून होते. अब्बा कोपऱ्यात एका शेरवानीला काज करत होते, ते काम ते हातानंच करायचे. मैत्रिणीनं माझ्यासाठी उतरवून आणलेल्या वह्या पायरीवर ठेवल्या. अम्मीनं आत बोलावलं तरी आली नाही. एरवी ही पोरगी सरळ चुलीपर्यंत जाऊन डब्यातली खारी काढायची. ती तशीच पायरीखाली उभी राहिली आणि म्हणाली, बाबा म्हणाले इचारू नको, पर मला राहवत न्हाई.

"तुझ्या अब्बांनी बांधलंय, आन् तूच जात न्हाईस. वस्तीतल्या आमी जातो म्हणून का?"

मी उठून बसले. खरं सांगायचं तर अब्बांची बंदी, खोटं काय सांगू ते सुचेना. ती माझ्याकडे बघत राहिली, मग ओढणीनं नाक पुसलं आणि गेली. अब्बांची सुई काजात तशीच अडकलेली होती. माझ्या बापानं अल्लाला काय जाब द्यायचा याचा विचार केला होता, पण पायरीखाली उभ्या असलेल्या पोरीला ते कसं दिसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. अम्मीसुद्धा गप्प होती, आणि अम्मी गप्प असणं म्हणजे प्रकरण फारच गंभीर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं अब्बा बीदरला गेले, ऐन लगीनसराईत दुकान बंद ठेवून. तिथं एक म्हातारे मौलाना होते, लांबलांबून लोक त्यांना विचारायला यायचे. पुढचं अब्बांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथं बसले होते असं वाटतं. मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, बांधून झाल्यावर किल्ली कुणाकडे दिली? बाईंकडे, अब्बा म्हणाले. मग आता तो संडास कुणाचा? शाळेचा. तुझा त्यावर हक्क? काही नाही.

"मग मालक बदलला की. तुझी पोरगी तुझ्या पैशावर जात न्हाई, शाळेच्या हक्कावर जाते. जशा बाकीच्या जातात तशी."

अब्बा म्हणाले, मला वाटलं नको म्हणणं केव्हाही बरं, त्यात पाप लागायची भीती नाही. त्यावर मौलाना चिडले. म्हणाले, पैसा कुठं द्यायचा हे विचारायला तू इमामाकडे गेलास, आणि लेकराला तहानलेलं ठेवताना कुणाला विचारलंस? हराम ठरवायला काय इल्म, अभ्यास लागत नाही? अब्बांनी कानाला हात लावला. मौलानांनी त्यांना चहा पाजला, आणि त्या दुसऱ्या पोरीचं मन मोडलंय, ते आज आत्ता जाऊन सांध, नमाजाला उशीर झाला तरी चालेल, असं सांगून पाठवून दिलं.

दुपारी अब्बा घरात शिरले ते घामाघूम. टोपी हातात. मला म्हणाले, दप्तर घे. अम्मी काही विचारणार तोच म्हणाले, आल्यावर सांगतो. मी कॅरिअरवर बसले. माळावरचा चढ त्यांनी खाली न उतरता तसाच सायकलवर पार केला. शाळेत तास चालू होता. अब्बा वर्गाच्या दाराशी उभे राहिले आणि बाईंना म्हणाले, दोन मिनिटं ह्या पोरीला बाहेर पाठवा. मैत्रीण बाहेर आली, तोंड फुगवून. व्हरांड्यात अब्बा तिच्यासमोर उकिडवे बसले, म्हणजे तिच्यापेक्षा खाली.

"पोरी, हा बँकेच्या व्याजाचा पैसा व्हता. आमाला तो चालत न्हाई. म्हणून मीच हिला नको म्हणलं, आन् ते माझं चुकलं. हिनं तुझ्यामुळं न्हाई, माझ्यामुळं पाणी प्यायचं सोडलं. मला माफ कर."

मोठ्या माणसानं माफी मागितली की काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, एवढंच व्हय चाचा, मंग आधी कामून न्हाई सांगितलं? बाई मागं दारात उभ्या होत्या, सगळं ऐकून माळाकडे बघायला लागल्या.

अब्बा मला म्हणाले, जा. मी जागची हलेना, इतक्या दिवसांची सवय. शेवटी मैत्रिणीनंच माझा हात धरला, टाकीवरून बादली भरून आणली, दारात ठेवली आणि बाहेर उभी राहून ओरडली, कडी नीट लाव, जरा घट्ट हाय. आत पांढऱ्या फरश्या, वर जाळीतून आलेलं ऊन. मी कडी लावली आणि तिथं उभी राहून पोटभर रडले. एवढं बरं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. बाहेरून ती दार वाजवत होती, झोपलीस का गं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बघते तर फाटकाशी अब्बांची सायकल. मला वाटलं, सवयीनं आले बिचारे. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. मी धावत गेले आणि म्हणाले, अब्बा, आता कशाला आलात, गिऱ्हाईक जाईल की. हँडलला लटकवलेल्या पिशवीतून त्यांनी पाण्याची मोठी बाटली काढली, घरच्या माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरलेली, अम्मीनं ओला फडका गुंडाळलेली. टोपण उघडून माझ्या हातात दिली.

"पी," म्हणाले.

मी त्यांच्यासमोर उभी राहून अख्खी बाटली प्याले. ते शेवटच्या घोटापर्यंत बघत थांबले, मग रिकामी बाटली घेऊन दुकानाकडे गेले.