चावडीसमोरची खुर्ची

पलूसजवळच्या त्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच होतं. मिशनची चार इयत्तांची शाळा, तिला लागून दोन खोल्या, मागे उसाचं रान. माझे यजमान तिथे मास्तर होते. मी साताऱ्यात वाढलेली, नर्सिंग शिकलेली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच खेड्यात आलेली. माहेरी आमच्या आळीत सगळी आमचीच माणसं. इथे रविवारी उपासनेला आम्ही दोघंच समोरासमोर बसायचो आणि गाणी हळू आवाजात म्हणायचो.

गाव वाईट नव्हतं. पोरं शाळेत यायची, ताप आला की बायका माझ्याकडून औषध न्यायच्या. फक्त विहिरीवर आम्ही रहाटाला हात लावायचा नाही, कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतायचं, एवढा नेम होता. बहुतेक वेळा ते पाणी शेजारची म्हातारी ओतायची. तिचा थोरला मुलगा फौजेत होता, परमुलखात इंग्रजांच्या बाजूने लढत होता. धाकटा बेचाळीसच्या चळवळीत शिरून भूमिगत झाला होता. दोघांचीही काळजी ती एकाच तोंडाने सांगायची.

एके दिवशी धाकट्याचे दोन सोबती शाळेत आले. बंदुका ठेवायला माळा मागत होते. यजमान म्हणाले, "हत्यार शाळेत नको. पण जखमी, उपाशी कुणी आला तर त्याला दार बंद नाही. मग तो तुमचा असो की पोलिसांचा."

त्यांना हे उत्तर आवडलं नाही. "पोलिसाचा बी?" एकाने विचारलं आणि दोघं निघून गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हातारीच्या घरावर पोलिसांची धाड पडली. मुलगा सापडला नाही, पण धान्याच्या कणग्या उलथून टाकल्या, म्हातारीला ढकललं. कुणीतरी खबर दिली होती. सगळ्या गावाने आमच्या घराकडे पाहिलं.

मी घागर घेऊन विहिरीवर गेले तर म्हातारी पाणी शेंदत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, तुमचा देव आन सायबाचा देव एकच न्हवं?"

काय उत्तर द्यायचं? होय म्हणावं तर तो कबुलीजबाब ठरला असता. मी रिकामी घागर घेऊन परत आले. त्या दिवसापासून मी ओढ्यात झरा खणून वाटीवाटीने पाणी भरू लागले. दूध बंद झालं. पोरं शाळेत यायची थांबली. भूमिगतांची माणसं खबऱ्यांना पकडून त्यांच्या तळपायावर काठ्या मारतात, हे मला ठाऊक होतं. यजमान चालायला लागले की माझी नजर त्यांच्या पायांकडे जायची.

"आपण साताऱ्याला जाऊ या," मी म्हटलं.

"आत्ता गेलो तर आपणच खबर दिली असं होईल."

"आणि राहिलो तर?"

संध्याकाळी प्रार्थनेत यजमानांनी गावासाठी मागणं मागितलं, तशी मी मध्येच उठून चुलीपाशी गेले. शत्रूवर प्रेम करा असं लहानपणापासून ऐकलं होतं. इथे शत्रू कोण, हेच मला कळेना.

मग एका दुपारी मागच्या दाराशी कण्हल्याचा आवाज आला. म्हातारीचा धाकटा मुलगा उसातून सरपटत आला होता. पोटरीला गोळी घासून गेली होती, जखम चिघळली होती. मी ती धुतली, पट्टी बांधली. यजमानांनी त्याला भाकरी दिली.

तो म्हणाला, "मास्तर, तुमच्यावर लोकांचा वहीम हाय. माजा बी हुता."

"अजून आहे?"

त्याने मान खाली घातली. "तुमी पट्टी बांधली त्ये आईला सांगावा धाडून कळवतो," एवढंच बोलून तो पुन्हा उसात शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलिसांच्या गाड्या आल्या. गावातले सगळे पुरुष चावडीसमोर उन्हात बसवले. बायका भिंतींच्या आडोशाने उभ्या होत्या, त्यांत मीही. फौजदाराने चावडीतून एक खुर्ची आणवली, मधोमध ठेवली आणि माझ्या यजमानांना म्हणाला, "मास्तर, तुम्ही इथे बसा. तुम्ही काही यांच्यातले नाही."

साऱ्या गावाचे डोळे त्या खुर्चीवर खिळले. यजमान उठले, खुर्चीपाशी गेले, दोन्ही हात जोडले आणि परत येऊन होते तिथेच धुळीत बसले.

फौजदाराचा चेहरा बदलला. "ख्रिस्ती माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. तो पोरगा कुठे आहे?"

ठाऊक नाही म्हणा, मी मनात ओरडत होते, एवढं एकदा म्हणा!

"साहेब, खोटं मी बोलणार नाही," ते म्हणाले. "म्हणून मला विचारूच नका. ठाऊक असतं तरी मी हेच म्हटलं असतं, नसतं तरी हेच."

फौजदाराने त्यांच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. ते पडले, तेव्हा शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याने त्यांना खांद्याला धरून बसतं केलं. त्यालाही लाथ बसली. यजमानांना बेड्या घालून गाडीत चढवलं आणि दोन शिपाई आमच्या घराकडे निघाले.

मी धावतच घर गाठलं. चुलीवर पातेल्यात रक्ताची फडकी उकळत होती, ती लपवायला वेळच मिळाला नाही. शिपायाने झाकण काढलं आणि विचारलं, "हे काय?"

तेवढ्यात म्हातारी थेट आत आली. आजवर तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता.

"माज्या सुनंच्या बाळंतपनाची हाईत," ती खेकसली. "ल्योक माजा सायबाच्या फौजेत लडतोय, आन तुमी हितं बायकांची फडकी हुडकताय व्हय रं? लाज न्हाई वाटत?"

शिपाई ओशाळून बाहेर पडले. सून बाळंत झालेली नव्हती. म्हातारी मटकन खाली बसली आणि म्हणाली, "मास्तर न्हाई म्हनले असते तर काय बिगडलं असतं, बाई?"

"मलाही तेच वाटतं," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी रडलो.

यजमान पावसाळाभर तुरुंगात होते. तेवढे महिने आमच्याकडे दूध म्हातारीच्या घरून आलं. खबर कोणी दिली ते कधीच कळलं नाही. काहींचा आमच्यावरचा संशय शेवटपर्यंत गेला नाही, विहिरीचा नेमही मोडला नाही. पण शाळा पुन्हा भरली.

धाकटा पुढे उजळ माथ्याने गावात आला, तेव्हा लंगडतच आमच्याकडे आला. त्याने विचारलं, "मास्तर, आनखी मारलं असतं तर सांगितलं असतं?"

यजमान खोटं बोलणारे नव्हतेच.

"ठाऊक नाही रे," ते म्हणाले. "तुरुंगात रोज मी हाच विचार करायचो. फार भीती वाटायची."

त्याने मान हलवली. मी त्याला चहा दिला. आमच्या घरचा चहा गावात आजवर कुणी घेतला नव्हता. त्याने कप घेतला, हातात धरून ठेवला, मग प्याला.