वरच्या खोलीतलं रडगाणं

दुःख विकत आणून, ते डबीत जपून ठेवणारा आणि दर रविवारी दुपारी उघडून त्याच्यासमोर बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला. आमच्या नेरे गावात तेव्हा भाताच्या खाचरांत खोल्या उगवायला लागल्या होत्या. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं राहायला यायची आणि मी प्रत्येकाकडे संशयानेच बघायचे. आपल्या घराची किल्ली परक्याच्या हातात दिल्यावर संशय घेणं हे मालकिणीचं कामच आहे. बाकीच्यांचे संशय महिन्याभरात फिटले. एक दारू प्यायचा, एक विजेच्या मीटरशी खेळायचा. ह्या वऱ्हाडातल्या पोराचा मात्र फिटेना, कारण तो काहीच करत नव्हता.

त्याच्याकडे पाच सदरे होते आणि पाचही काळे. तारेवर वाळत घातले की लांबून कावळे बसल्यासारखे दिसायचे, आणि फसून खरे कावळेही शेजारी येऊन बसायचे. चहा प्यायचा तो कोरा. दारात आमची म्हैस बांधलेली असताना कोरा चहा पिणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? भिंतीवर त्याने चार गोऱ्या माणसांचं चित्र चिकटवलं होतं. चौघांच्या दाढ्या वाढलेल्या, चौघांची तोंडं चार दिशांना, आणि एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. हे फरारी आहेत का, असं मी विचारलं. तो म्हणाला, हा माझा आवडता बँड आहे. बँड म्हणजे मला लाल कोट घालून वरातीपुढे वाजवणारे माहीत. मी म्हटलं, असल्या तोंडांना वरातीला कोण बोलावतं? "कोणीच नाही, आजी," तो म्हणाला. "म्हणून तर ते असे गातात."

रविवारी जेवणं उरकली की त्याचा एक मित्र यायचा, साताऱ्याकडचा, जाड चष्म्याचा. दोघं एकाच कंपनीत, आणि इथे दोघांनाही दुसरं कुणी नाही. डबी उघडून सीडी लावायची, डोळे मिटून भिंतीला टेकायचं, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा आमच्या पोराने घालून दिलेला नेम. मग वरून ते चौघं विव्हळायला लागत. पाण्याची टाकी भरून वाहिली तरी ही दोघं ओ देत नसत. गाणी संपली की पोरगा वही काढायचा आणि ऐकणाऱ्याचं मत लिहून घ्यायचा. एकदा मलाही बसवून ऐकवलं आणि कसं वाटलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "त्या गानाऱ्याला जंताचं औषद द्या." चष्मेवाला हसून आडवा झाला. आमच्या पोराने ते गंभीरपणे वहीत उतरवून घेतलं.

शेजारी माझी चुलत जाऊ राहते. पहिल्याच महिन्यात तिने कुंपणापलीकडून ते विव्हळणं ऐकलं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. त्याला कडू घास म्हणतात. ही बाई डोक्यावर पदर घेऊन, भाकरींची चळत घेऊन थेट जिना चढली आणि त्याच्या दारात बसून तिने गळा काढला. पोरांनी घाबरून गाणं बंद केलं, तिला पाणी दिलं, आणि पिठल्याचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. "कोण गेलं त्ये न्हाई सांगितलं," ती खाली येऊन मला म्हणाली, "पर लई जवळचं असंल. सकाळधरनं उपाशी हुती लेकरं."

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस तो आपणहून जिना उतरून माझ्याशी बोलायला आला. चेहरा उजळलेला. माझा संशय तिथेच जागा झाला. "आजी, बँडचा नवीन अल्बम येतोय," तो म्हणाला. "चार वर्षांपासून वाट पाहून राहिलो होतो."

आता बँड आणि अल्बम हे दोन शब्द एका दमात म्हटल्यावर माणसाने काय समजायचं? आमच्या घरात अल्बम एकच आहे, मखमली पुठ्ठ्याचा, माझ्या मुलाच्या लग्नाचा. मी सुनेला म्हटलं, हा पोरगा गुपचूप लग्न करतोय. सुनेने ते जावेला सांगितलं. जावेला सांगितलं म्हणजे ते चांद्यापर्यंत गेलं.

तो अल्बम चष्मेवाल्याने आणला. कंपनीने त्याला कामासाठी परदेशी पाठवलं होतं, तिथून त्याने मित्रासाठी मुद्दाम नवी कोरी सीडी घेतली होती. त्या रविवारी मी गच्चीवर वाळत घातलेलं भात राखत बसले होते, त्यामुळे पहिल्यापासून सगळं कानांवर पडलं. आणि काय सांगू, ते चौघं चक्क खुशीत होते. टाळ्या वाजत होत्या. जावेला तेवढंच पुरलं. ती कुंपणापलीकडून लगबगीने आली, जिना चढली आणि गाणं चालू असतानाच आमच्या पोराला म्हणाली, "ठरलं म्हनं तुजं लगीन. पेढं कुटं हायेत?"

"कोणाचं लग्न?" पोरगा म्हणाला.

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. "माझं," तो म्हणाला. "गाणी संपल्यावर सांगणार होतो तुला."

सीडीवर टाळ्या चालूच होत्या. मग पोराने यंत्र बंद केलं. म्हणाला, अल्बम भंगार आहे. चष्मेवाला म्हणाला, मला आवडला. तुला आवडणारच, हा म्हणाला, विकले गेलेत ते. माणूस चार वर्षांनी हसला तर लगेच विकला गेला का, असं त्याने विचारलं. हसणं खोटं आहे, मला ऐकू येतं, असं ह्याचं उत्तर. शेवटी चष्मेवाला उठला. "मग बस रडत एकटाच," म्हणाला आणि माझ्या भातावर पाय देऊन निघून गेला. जाऊ पेढ्यांची वाट बघत तिथेच उभी.

दुसऱ्या दिवशी पोराने ती सीडी माझ्या हातात दिली. पोपट हाकलायला बांधा म्हणाला. पोपट माझ्या पेरूची फळं टोचून टाकतात हे खरंच होतं. मी दोरीने ती फांदीला बांधली. पेरू बरोबर त्याच्या खिडकीसमोर आहे. ऊन पडलं की सीडी गरागरा फिरायची आणि तिचा कवडसा त्याच्या भिंतीवर, त्या चार दाढीवाल्यांच्या तोंडांवरून पळायचा. त्याने खिडकी लावून घेतली. तीन रविवार वरून आवाज आला नाही. इतकी वर्षं मला त्या आवाजाचा संशय होता, आता न येणाऱ्या आवाजाचा येऊ लागला. गाण्यावरून कुणी इतकं भांडत नाही.

चौथ्या रविवारी मी पिठलं केलं, दोन भाकरी थापल्या आणि गुडघे धरत जिना चढले. त्याने ताट पाहिलं.

"कोण गेलं, आजी?"

"तुजा मैतर. तू त्याला जित्ताच पुरलास नव्हं? ह्यो कडू घास हाय. खा, म्हंजी रडनं सपतं."

तो मान खाली घालून जेवायला लागला. एक भाकरी संपल्यावर म्हणाला, "त्यानं मले सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं."

"कवा सांगायचं? गानं चालू आसताना तोंड उगडायचं न्हाई, ह्यो नेम कुनाचा?"

त्याने दुसरी भाकरीही संपवली. मग हात धुता धुता म्हणाला, "चौथं गाणं तसं बरं होतं."

मी म्हटलं, मग ते वहीत लिही आणि वही त्याला नेऊन दाव. त्याच संध्याकाळी तो पेरूवर चढला. सीडीवर पाखरांनी करायचं ते केलं होतं, चरेही पुष्कळ पडले होते. ती त्याने काळ्या सदऱ्याला पुसली. लग्नाला जायला त्याच्याकडे काळ्याशिवाय कपडा नव्हता, म्हणून माझ्या मुलाचा बदामी सदरा दिला. त्यात तो तारेवर वाळत घातल्यासारखा दिसत होता, पण साताऱ्याला गेला, आणि येताना जावेसाठी आठवणीने पेढे घेऊन आला. सीडी काही नीट वाजेना. चौथ्या गाण्याच्या तोंडाशी येऊन अडकायची. मग त्यानेच ती परत पेरूला बांधली.

चष्मेवाला नंतर बायकोला घेऊन एका रविवारी आला. वरचं विव्हळणं ऐकून तिने मला हळूच विचारलं, ह्यांच्या बँडमधलं कोणी वारलंय का? मला ती पोर आवडली. पुढे चष्मेवाल्याची बदली झाली आणि वर्षाच्या आत आमचा पोरगाही बंगळूरला गेला. जाताना पाया पडला. मी त्याच्या हातात भाकरी बांधून दिली आणि म्हटलं, ही गोड समजून खा.

आता वर दुसरी पोरं आहेत. कानांत वायरी घालून बसतात, कोण रडतंय आणि कोण हसतंय ते घराला कळत नाही. दुपारी भिंतीवर कवडसा फिरतो तो डोळ्यांवर येतो म्हणून तक्रार करतात, ती सीडी काढा म्हणतात. मी सांगते, पोपटांसाठी आहे. पेरूला दोन वर्षांत एक फळ धरलेलं नाही, ते त्यांना कुठे माहीत.