तुषार गावंडेचा आवाज

सौंसरला बियाण्यांच्या दुकानाला लागून तुषार गावंडेचा जनावरांचा दवाखाना आहे. सध्या शटर खाली आहे. पाटी अजून कुणी काढलेली नाही.

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. मी मराठी घेऊन एम.ए. केलं. तो जनावरांचा डॉक्टर झाला. "तुही कविता कोणी आयकत नाई बे," तो म्हणायचा, "माह्या म्हशी पाह्य, रोज बोलून राहिल्या."

ते खरंच होतं. मोहगाव, लोधीखेड्याकडचे लोक त्याला जनावराचा आवाज पाठवायचे. गाय खोकली की फोन तिच्या तोंडाशी धरायचे. पोट फुगलं की कुशीला लावायचे. तुषार ऐकायचा आणि बोलून निरोप पाठवायचा. लिहून कधी नाही. निरोपाची सुरुवात जनावराच्या नावानं व्हायची. "कपिलाचं आयकलं. घाबरू नका." एवढ्यावर घरचे लोक निम्मे शांत व्हायचे.

काम वाढलं तेव्हा त्याने दवाखान्यासाठी एक ॲप घेतलं. त्यातलं एआय हे आवाज ऐकून नोंदी ठेवायचं. कोणाची गाय, नाव काय, कधी व्याली, कोणतं औषध दिलं. लोकांना निरोपही त्यातूनच जायचे आणि तिथेच साठायचे. आपली बोली त्या यंत्राला समजते याचं त्याला फार कौतुक. येता-जाता मला दाखवायचा.

गेल्या हिवाळ्यात मोहगावच्या भिवाजीकाकांच्या गोठ्यात त्यांची गाय चांदणी विताना अडली. वासरू आडवं आलं होतं. तुषारचा हात खांद्यापर्यंत आत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काकांच्या सुनेनं, विजयमाला वहिनीनं, तो उचलून स्पीकरवर धरला. ॲपच्या कंपनीतून बोलतोय, असं सांगणारा कुणी माणूस होता. खातं आत्ता बंद पडतंय, सगळ्या नोंदी जातील, फोनवर आलेला कोड लगेच सांगा, म्हणाला. एरवी तुषारने फोन ठेवला असता. त्या वेळी त्याच्या बोटांत वासराचा पाय होता.

"वहिनी, सांगून द्या त्याले."

वहिनीनं आकडे वाचले. वासरू जगलं. सगळ्यांनी अंगणात बसून चहा घेतला.

त्या आकड्यांनी दवाखान्याची किल्लीच परक्याच्या हाती गेली होती. हे कळलं ते महाशिवरात्रीनंतर. घरोघरी तुषारचे निरोप गेले. तुषार त्यातला एक शब्दही बोलला नव्हता. साठलेल्या निरोपांवरून कुणीतरी त्याचा आवाज यंत्रात बनवला होता. तसाच घोगरा, तसाच मध्ये थांबणारा. लम्पीची साथ जवळ आलीय, पार्सलने पुडी येईल, पैसे देऊन घ्या, पाण्यातून पाजा, असं तो आवाज सांगत होता. आणि प्रत्येक घरी त्यांच्याच जनावराचं नाव घेत होता. मग शंका कोण घेणार?

ज्याला पुड्या खपवायच्या होत्या त्याने वजनासाठी त्यात युरिया मिसळला होता. चांदणी ते पाणी सकाळी प्यायली. दुपारपर्यंत ती थरथरत होती. मग मान टाकली. तुषार या गोठ्यातून त्या गोठ्यात, युरियावर उतारा म्हणून व्हिनेगर पाजत धावला. काही जनावरं वाचली. बरीच गेली.

तक्रार दिली. तपास चालू आहे. तुषारने खातं बंद केलं आणि गावोगावी जाऊन सगळं समजावून सांगितलं. कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. विजयमाला वहिनी त्याच्यासमोर येईना. भिवाजीकाकांनी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"तुमची चूक नाई, डाक्टरसाहेब," ते म्हणाले. "पण आता फोनवर तुमी बोलले तरी आमी आयकू, करू नाई. तुमी सोता येत जा."

सगळ्यांचंच तसं झालं. तो सोता जाऊ लागला. जे पूर्वी दोन वाक्यांत संपायचं त्यासाठी आता मोटारसायकल काढायची. वासराला हगवण, तरी जा. म्हशीचा खूर दुखतो, तरी जा. जेवण वेळेवर नाही. उन्हानं चेहरा काळवंडला. दोन गावं सोडून दे, असं मी म्हणालो. तो हसला.

"जाऊन जाऊन बसंल परत भरोसा. आवाज चोरला बे, मी तर हाओ ना."

मे महिन्यात लोधीखेड्याहून एकाचा फोन आला. गाय दूध कमी देऊन राहिली. तुषारने विचारपूस केली. ऊन लागलंय, सावलीत बांधा, पाणी वाढवा, असं सांगितलं. बरोबरच सांगितलं होतं. समोरचा म्हणाला, तरी एकदा येऊन जा. तो निघाला. रस्त्यात ट्रकने उडवलं. तिथंच गेला.

त्याचा भाऊ हर्षल बोलायच्या स्थितीत नव्हता. तरी त्यानेच फोनवर निरोप बोलून सगळ्या पशुपालकांना पाठवला. तुषार गेला, सकाळी घरून नेणार आहोत.

सकाळी मी दारात उभा होतो. पहिले भिवाजीकाका आले, पुतण्याच्या गाडीवर. मागच्या गाडीवर विजयमाला वहिनी. पहिल्यांदाच ती सौंसरला त्याच्या घरी आली होती. काकांच्या हातात हार नव्हता, फूल नव्हतं.

"तो निरोप खोटा हाय ना?" त्यांनी मला विचारलं.



"तसेच आवाज बनवतात ना आता," ते म्हणाले. "म्हून म्हटलं, सोता जाऊन पाहून येऊ."

मी दारातून बाजूला झालो. काका आत गेले. वहिनी उंबऱ्यातच खाली बसली.

रस्त्यावर आणखी गाड्या येऊन थांबत होत्या. मोहगावची माणसं होती, लोधीखेड्याची होती. फसवणूकच असणार, याची त्यांना खात्री होती. काही जण हसत खाली उतरत होते.