बीममामांचे बेचाळीस किलोमीटर

मामांच्या खिशात कायम सुताचा एक गुंडा असायचा. समोर आलेली वस्तू मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नाला गेले की आधी मांडव मोजणार, मग अक्षता टाकणार. आमच्या भिवंडीच्या कारखान्यात ते ताणा भरायचे, म्हणजे कापडाचे उभे धागे मोजून भल्यामोठ्या रुळावर गुंडाळायचे. त्या रुळाला बीम म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचे बीममामा. "पुऱ्या भिवंडीत कुनाचाबी ताना कमी पडंल, माझा न्हाय," असं ते दिवसातून एकदा तरी सांगत, आणि ते खरंही होतं.

त्याच कारखान्यात मी चार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो, आणि मला सगळे 'कटपीस' म्हणत. कापडाच्या पुऱ्या थानातून निघालेल्या अपुऱ्या तुकड्याला कटपीस म्हणतात, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. मॅट्रिक अर्धवट, तबल्याचा क्लास अर्धवट. ठाण्यापर्यंतच्या एका शर्यतीत तर मी वाटेतल्या कशेळीलाच खाली बसलो आणि ट्रकमधून घरी आलो. ट्रकवाल्याने चहाही पाजला, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानेच सगळ्यांना सांगितलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. दसऱ्यानंतर मुंबईत बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन होणार, असं कुणीतरी पेपरात वाचून दाखवलं. "मी धावणार," असं माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे लूम चालू असतानाही लोकांचं हसणं मला ऐकू आलं. शेजारच्या लूमवरचे अब्दुलभाई तर म्हणाले, "कटपीस, टेम्पो साथ में लेके जा." फक्त मामा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मीटर किती?"

"बेचाळीस हजार. वर थोडी चिल्लर."

मामांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "व्हतंय. तुला पुरं थान करून सोडतो."

आता मामा म्हटल्यावर मोजणं आलंच. रस्त्यावर किलोमीटरचे दगड होते, पण सरकारी दगडावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांनी ताण्याच्या यंत्रावर शंभर मीटर जाड सूत मोजून घेतलं आणि एका शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघे खारबावला त्यांच्या अंगणातून भिवंडीकडे सूत टाकत निघालो. दहा वेळा सूत टाकलं की एक किलोमीटर, की झाडावर चुन्याचा पट्टा. वाटेत एक शेतकरी सातबाराचे कागद छातीशी धरून पळत आला. रस्ता रुंद होणार आणि आपली खाचरं जाणार, अशी त्याची खात्री झाली होती. मामांनी त्याला शांतपणे सांगितलं, "घाबरू नको. ह्यो एका मानसापुरता रस्ता हाय. तुजा भात जाग्यावर ऱ्हाईल." तो इतका खूष झाला की चुन्याची बादली पुढे त्यानेच उचलली.

अंगणापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत मामांचे बरोबर सात किलोमीटर भरले. तीन वेळा जायचं, तीन वेळा यायचं, की बेचाळीस. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी मामींना हाक मारून हा हिशेब दोनदा ऐकवला. मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोरगं धावनार हाय, तुमी कशाला नाचताय?" मी मात्र भीत भीत म्हणालो, की सरकारी दगडांशी आपल्या खुणा जमत नाहीत, आपली खूण दरवेळी जरा पुढेच पडते. मामा म्हणाले, "दगड चुकलाय."

होळीपासून दर शुक्रवारी ही वरात निघायची. पुढे मी, मागे सायकलवर धोतर खोचलेले मामा. "खट-खटक, खट-खटक," असा ते लूमचा आवाज तोंडाने काढत आणि माझे पाय त्या ठेक्यावर पडत. मी जरा जोरात सुटलो की ओरडत, "लूम पळवू नको, धागा तुटंल!" बुटांनी टाच सोलली तर त्यात वाया गेलेल्या सुताचा बोळा घालत. रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा आम्हाला ओळखून वाट देऊ लागल्या.

पण पुऱ्या सहा फेऱ्या काही होत नव्हत्या. शेवटची फेरी, कारखान्याकडून खारबावकडे येताना तिसरी खूण. तिथे एक चिंच होती. मामांच्या हिशेबाने तो अडतिसावा किलोमीटर. दोनदा प्रयत्न केला, दोनदा त्या चिंचेखाली बसलो. दोनदा मामांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून अंगणात पोचलो आणि मामींनी तांब्या पुढे केला. दुसऱ्या वेळी मला रडू आलं. ज्याने सत्तर वेळा सूत टाकून माझ्यासाठी रस्ता मोजला, त्याच्यासमोरही मी कटपीसच निघालो होतो. मामा एवढंच म्हणाले, "चार ऱ्हायले. चार म्हंजे काय, चाळीस फेका सूत."

शर्यतीच्या दिवशी मुंबईत ऑक्टोबरचं ऊन नुसतं ओतत होतं. मामा इस्त्रीचं धोतर नेसून शर्यत संपते तिथे जाऊन उभे राहिले. मी मनात खट-खटक करत निघालो. किती अंतर झालं ते कळायला चुन्याचे पट्टे नव्हते. पण एका वळणावर पाय एकदम जड झाले आणि शरीराने ओळखलं की चिंच आली. आता चार किलोमीटर. मी दात आवळले. काही झालं तरी बसायचं नाही, आज मामांच्या कॅरिअरवरून जायचं नाही.

समोर गर्दी दिसली, टाळ्या ऐकू आल्या, पायाखालून एक पांढरी रेघ गेली. कुणीतरी आडवं आलं म्हणून मी बाजूने वाट काढली आणि पुढे धावत राहिलो. मागून दोन स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत आले. त्यांच्याही मागून, धोतर दोन्ही हातांत धरून, मामा. "थांब रं! अरं थांब! संपली शर्यत!"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी थांब म्हणत होतं.

मी कितवा आलो ते विचारू नका, मीही विचारलं नाही. परतीच्या एस.टी.त मी मामांना सांगितलं, की पायांना चिंच लागली म्हणून अजून चार राहिले असं मला वाटलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "पोरा, कापड इनताना ताना आटतो. शंभर मीटर कापडाला मी नेमी यंत्रावर एकशेधा लावतो. तुज्या रस्त्यालाबी हातानं सवयीनं एकशेधाच लावले."

मी बोटं मोजली. म्हणजे थोडी चिल्लर सोडली तर चिंच हीच बेचाळीसची खूण होती. दोनदा मी मॅरेथॉन पुरी करून त्या चिंचेखाली हरून बसलो होतो! आम्ही असे हसलो की कंडक्टरने दोनदा येऊन चौकशी केली. "माजं माप चुकलं," म्हणत मामा डोळे पुसत होते, "पन कमी न्हाय पडलं."

दुसऱ्या दिवसापासून मला कारखान्यात कुणी कटपीस म्हटलं नाही. मामांना मात्र अब्दुलभाई जन्मभर 'एकसौदस' म्हणत राहिले.

चारपाच वर्षांनी मामा गेले. मला फार पोरकं वाटलं. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी पहाटे मी खारबावला त्यांच्या अंगणातून निघालो. मागे सायकल नव्हती, खट-खटक माझं मलाच म्हणावं लागलं. सहाव्या फेरीला चिंच आली, पाय जड झाले. मी थांबलो नाही. पुढचे चार मामांचे होते.

अंगणात पोचलो तेव्हा मामी तांब्या घेऊन उभ्याच होत्या. रिकाम्या रस्त्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"आज पायांनी आलास," त्या म्हणाल्या.